उरलेल्या दोन घरांत

वाचनावर चार शब्द बोला, असा फोन आला की हल्ली माझं डोकं फिरतं. पूर्वी मी हौसेनं जायची. चिंचवडातलं वाचनालय, सांगवीतलं महिला मंडळ, निगडीतली शाळा, कुठंही. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा आणि माईक हातात आला की ठरलेलं पहिलं वाक्य टाकायचं, "माझी आई निरक्षर. आमच्या घरात पुस्तक वाचणारी मी पहिली." टाळ्या हमखास. एका दिवाळी अंकात मी यावर लांबलचक लेखही लिहिला होता. घरात सगळा अंधार आणि मी एकटी दिवा लावून बसलेली, असा त्याचा एकूण सूर. लोकांना तो फार आवडला. मला तर त्याहून जास्त आवडला.

आता तो अंक कपाटात दिसला तरी अंगाची लाही होते. पुस्तकं माणसाला समजूतदार करतात, दुसऱ्याच्या मनात शिरायला शिकवतात, असं मी कितीतरी लोकांना तोंड वर करून सांगितलं आहे. साफ खोटं. मला पुस्तकांनी एवढंच शिकवलं की छापलेलं असेल तेच वाचायचं.

आई परभणीकडच्या एका खेड्यातली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं हे खरं. वडील पिंपरीत कंपनीला लागले, संत तुकाराम नगरात घर मिळालं, आणि माझा धाकटा भाऊ पहिलीत गेला तेव्हा त्याच्या शेजारी बसून ती अक्षरं गिरवायला शिकली. पुढं एका शेजारणीनं तिला नाम लिहायची वही दिली. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शाळेत गणिताला वापरतात ती चौकटींची वही घ्यायची आणि एकेका घरात एकेक अक्षर घालत 'श्री राम जय राम जय जय राम' असं लिहीत जायचं. अक्षरं तेरा. एक ओळ झाली की खाली तीच ओळ, पान झालं की पुढचं पान, वही भरली की दुसरी वही. काही लोक हे वर्षभर करतात आणि सोडतात. आईनं चाळीस वर्षं केलं.

दुपारची भांडी झाली की ती पलंगावर पाय पसरून बसायची, मांडीवर पोळपाट घ्यायची आणि त्यावर वही. तो पोळपाट खास त्यासाठीच ठेवला होता, त्यावर पोळी लाटलेली तिला चालायची नाही. मी समोर खुर्चीत पुस्तक घेऊन. मी लग्न केलं नाही, त्यामुळे वडील गेल्यावर आम्ही दोघीच होतो, आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात पंख्याचा तेवढा आवाज असायचा. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय सुखी घर आहे.

"रोज तेच तेच लिहून काय मिळतं गं तुला?" मी विचारायची.

"तू तरी काय येगळं वाचायलीस? माणसं भांडतेत, रडतेत अन् मरतेत," ती म्हणायची आणि पुढची ओळ धरायची.

मी मनात हसायची. देवबीव मी मानत नव्हते. आपल्याकडे विचार आहे आणि हिच्याकडे नुसती सवय आहे, असं माझं पक्कं मत होतं. विणकाम करणाऱ्या बायकांचे हात चालतात तसे हिचे चालतात, त्यात डोक्याचा संबंध नाही. एवढी शहाणी मी.

तीन वर्षांपूर्वी आई विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग वार, मग एकदा गॅस तसाच चालू ठेवून खाली भाजीला गेली. माझी नोकरी चाकणला, सकाळी सातला कंपनीची बस. तिला दिवसभर एकटं ठेवणं शक्य नव्हतं म्हणून भाऊ तिला तळेगाव दाभाड्याला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला. तिच्या लुगड्यांच्या गाठोड्याबरोबर भरलेल्या वह्यांची पोतीही गेली. मी एक रविवार सोडून एक रविवार जायची. आईला भेटायला जाताना पिशवीत पुस्तक घालून न्यायची, यावरून काय ते समजा.

त्या रविवारी पुस्तक घरीच राहिलं. फोनही भावजयीनं आत चार्जिंगला लावला होता. भाऊ खाली गेला होता, कारण सोसायटीच्या आवारात मंदिर बांधायला घेतलं होतं आणि त्या दिवशी पायाभरणी होती. भावजय प्रसादाचा शिरा हलवत होती. आई गॅलरीतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होती. माझ्याकडे बघून ती हसली होती, पण ते हसणं ओळखीचं होतं की नुसतंच, ते मला कळलं नव्हतं. करायला काहीच नाही म्हणून मी तिच्या उशाची वही उचलली. सध्या ती लिहीत होती ती वही, अर्धी भरलेली.

अक्षर बिघडलं होतं. ओळी मात्र सरळ होत्या, कारण चौकटी होत्या. मग माझं लक्ष ओळींच्या शेवटाकडे गेलं. वहीच्या एका ओळीत पंधरा घरं असतात. नावाची तेरा झाली की दोन उरतात. ती मोकळी असायला हवी होती. त्यांतही अक्षरं होती. मला वाटलं, बिचारीचा आता मोजण्यातही गोंधळ व्हायला लागला. म्हणून मी ती कडेची अक्षरं वरून खाली बघत गेले. पहिल्या ओळीच्या शेवटी 'आज'. तिच्या खाली 'पाणी'. खाली 'आलं'. खाली 'नाही'.

मी पुढचं पान उलटलं. कडेनं खाली उतरत गेले. 'गॅस बंद केला.' पुढच्या पानावर, 'सून लई राबती.' त्यापुढं, 'नातवाचं नाव आठवंना. विचारायची लाज वाटली.' दर पानाला एखाददुसरं वाक्य, दोन-दोन अक्षरांनी जिन्यासारखं खाली आलेलं. 'बाई आली नाही,' असं तीनदा होतं. बाई म्हणजे मी, ती मला बाईच म्हणते. मग एका पानावर, 'बाई आली. पुस्तकातच व्हती.'

ही विसराळू झाल्यावरची युक्ती नव्हती. मला आठवलं, लहानपणापासून तिच्या वह्यांची पानं मी पाहिली होती, लांबून, येता-जाता, आणि ती पानं कायम कडेपर्यंत भरलेली असायची. उजवीकडे मोकळी पट्टी मी कधीच पाहिली नव्हती. म्हणजे चाळीस वर्षांचं सगळं त्या पोत्यांत होतं. वडिलांचा संप, त्यांचं आजारपण, ते गेले तो दिवस, माझं लग्न न करणं, आमची भांडणं. आता तिच्या डोक्यात त्यातलं फारसं काही उरलं नव्हतं. जे उरलं होतं ते त्या वह्यांत.

मी स्वयंपाकघरात जाऊन भावजयीला विचारलं, आईच्या जुन्या वह्या कुठं आहेत.

"खाली दिल्या ना ताई, मंदिराच्या पायात घालायला," ती म्हणाली. "सोसायटीत नोटीस लागली होती, ज्यांच्याकडे नाम लिहिलेल्या वह्या असतील त्यांनी द्या म्हणून. सगळ्यात जास्त आपल्याच निघाल्या."

ही पद्धत आहे. मंदिर उभं राहायचं ते नामावर, म्हणून पायात लिहिलेल्या नामाच्या वह्या ठेवतात आणि वरून काँक्रीट ओततात. कल्पना चांगली आहे. दुसऱ्या कुणाच्या आईच्या वह्या असत्या तर मी त्यावर एक हळवा लेख पाडला असता.

लिफ्टची वाट न बघता मी जिन्यानं खाली धावले. पार्किंगच्या पलीकडे खड्डा खणला होता, त्यात सळयांची जाळी बांधली होती आणि जाळीखाली लाल कापडात बांधलेले गठ्ठे ओळीनं ठेवले होते. त्यांवर झेंडूची फुलं, हळदीकुंकू, अक्षता. पूजा उरकली होती. सोसायटीतली पन्नासेक माणसं नवे कपडे घालून उभी होती आणि काँक्रीटची गाडी गेटातून आत शिरत होती.

"माझ्या आईच्या वह्या बाहेर काढा," मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले.

सोसायटीचे चेअरमन पुढं आले. पांढरा लेंगा-झब्बा, कपाळाला गंध, वयानं सत्तरीचे. ही सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांच्याच घरची.

"ताई, पूजा झाली आता," ते म्हणाले. "देवाला वाहिल्यालं परत न्हाई काढत."

"कुणाला विचारून घेतल्या तुम्ही?"

"तुमच्या भावानं सोता आणून दिल्या. आमी काय घरात शिरून उचलल्या न्हाईत."

ते खरं बोलत होते. माणूस खरं बोलत असला की मला त्याचा जास्तच राग येतो. मी त्यांना बरंच काही बोलले. देवाच्या नावाखाली लोकांच्या घरातलं पळवता, मुलांना खेळायची जागा होती ती खाल्लीत, पायात वह्या घालून डोक्यात काही शिरत नाही, असलं पुष्कळ. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चेअरमन खाली बघून ऐकत राहिले. मग मी भावाकडे वळले. तो सोवळं नेसून उभा होता, कंपनीत सुपरवायझर म्हणून उभा असतो तसाच शांत.

"ताई, हळू बोल," तो म्हणाला.

"मला न विचारता दिल्यासच कशा?"

"विचारायचं काय? आईला इकडं आणलं त्या दिवशी तूच म्हणालीस, ही रद्दी पण घेऊन जा. तुझ्या पुस्तकांना जागा होत नव्हती."

मी म्हणाले होते. अगदी याच शब्दांत.

"आणि रद्दी म्हणून नाही दिल्या मी," तो पुढं म्हणाला. "एकेक उघडून बघितली. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर तुझी लाल टिक आहे. म्हटलं, ताईनं सगळं तपासलंय, वाचलंय, मग आता घरात ठेवून करायचं काय?"

ती टिक माझीच. देवाच्या नावात चूक होऊ नये ही आईला धास्ती. वही भरली की ती माझ्यापुढं धरायची, "बग गं बाई जरा, काही चुकलं का." मी शाळेत होते तेव्हापासून हे चालत आलं होतं. मी पुस्तकातून मान वर न काढता शेवटचं पान उघडायची, लाल पेनानं टिक मारायची आणि वही परत द्यायची. ती दोन क्षण तशीच उभी राहायची. मी काही बोलते का, याची वाट बघत असणार. मला वाटायचं, हिला अजून काय पाहिजे?

आणि माझी नोकरी काय, तर क्वालिटी. चाकणच्या कंपनीत मी तपासणी विभागात आहे. माप न घेता चेकशीटवर टिक मारणारा माणूस सापडला की मी त्याला सोडत नाही. एकदा एका ऑपरेटरला मी सगळ्या लाइनसमोर उभं केलं होतं. दोन मुलांचा बाप, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी मी थांबले नाही. टिक म्हणजे तुझा शब्द आहे, न बघता शब्द कसा देतोस, असं मी त्याला सुनावलं होतं. संध्याकाळी बसमध्ये बसून मी निवांत कादंबरी वाचत घरी आले होते.

तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती काढायची कुणावर ते कळेना. त्या खड्ड्याच्या काठावर मला तो दिवाळी अंक आठवला. माझा लेख आला त्या वर्षी आईनं तो अंक मागून घेतला होता आणि पलंगावर बसून ओळीखाली बोट धरत वाचला होता. दोन दुपारी लागल्या तिला. मी समोरच होते. माझी आई निरक्षर, हे वाक्य माझी आई माझ्यासमोर बसून वाचत होती, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. वाचून झाल्यावर अंक मिटून ती म्हणाली, "छान लिवलंस." त्या दिवशी तिनं उरलेल्या घरांत काय लिहिलं असेल? ते त्या लाल गठ्ठ्यांपैकी कशात तरी होतं, माझ्यापासून चार हातांवर.

काँक्रीटच्या गाडीचा ड्रायव्हर घाई करायला लागला. माल गाडीतच घट्ट झाला तर तो जबाबदार नाही म्हणाला. मी खड्ड्याच्या काठावर फतकल मारून बसले. म्हणाले, ओता माझ्या अंगावर.

चेअरमन माझ्याजवळ आले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले. "ताई, असं करा. वह्या म्हातारीच्या हायेत, तुमच्याबी न्हाईत अन् भावाच्याबी न्हाईत. तिला खाली आणा. ती काढा म्हणली तर मी सोता आत उतरतो अन् काढून देतो. देवाला काय म्हणायचं आसंल ते तो मला म्हणंल."

एवढा वेळ ज्याला वाटेल ते बोलले त्या माणसानं हे म्हणावं, याचाही मला राग आला.

भावानं आईला लिफ्टनं खाली आणलं आणि खड्ड्याजवळ खुर्ची टाकून बसवलं. इतकी माणसं बघून ती बावरली, मग फुलं बघून खुलली. मी तिच्यापुढं उकिडवी बसले.

"आई, ह्या तुझ्या वह्या आहेत. देवळाच्या पायात घालताहेत."

"व्हय?" ती म्हणाली. "चांगलं झालं की."

"आई, त्यात नुसतं नाव नाही. तू आपलं घरचं लिहिलंयस. ओळीच्या शेवटी, दोन दोन घरांत."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी महिन्यांत तिनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. ती मला पुरती ओळखत होती.

"ते तुझ्यासाठी लिवलं व्हतं बाई," ती म्हणाली. "देवाच्या कागदावर आपलं कसं लिवावं म्हणून कडंला लिवलं. तुला वाचायचा नाद. मला बोलायला जमायचं न्हाई तुझ्यासंगं, म्हणलं हे तरी वाचंल." मग तिनं विचारलं, "वाचलंस नव्हं समदं?"

सगळे ऐकत होते. भाऊ माझ्याकडे बघत होता. नाही म्हणाले असते तर वह्या वर आल्या असत्या. चेअरमन तर पायजमा दुमडून तयारच होते. मी म्हणायचं होतं, नाही आई, त्यातलं एक अक्षरही मी वाचलं नाही, म्हणून त्या मला पाहिजेत.

"हो," मी म्हणाले.

"समदं?"

"सगळं वाचलं, आई."

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाचून झाल्यालं ठिवून काय करायचं? देवाला जाऊ दे."

चेअरमननी गाडीवाल्याला हात केला. पन्हाळीतून काँक्रीट घसरत खाली आलं आणि आधी फुलं गेली, मग लाल कापडं. आई टाळ्या वाजवत होती. बाकीच्यांचं बघून तिनं हात जोडले.

वर आल्यावर भावजयीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बरं केलंत ताई, आईंचं मन राखलंत," ती म्हणाली. भाऊही पुढं एकदा तसंच म्हणाला, आणि त्यावरून मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही. मन राखलं म्हणे. त्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तेव्हा आईला यातलं काहीही आठवत नव्हतं. देऊळ नाही, वह्या नाहीत, मला विचारलेला प्रश्न नाही. मी नाही म्हणाले असते तर तिला वाईट वाटलं असतं ते दोन तास, आणि चाळीस वर्षं माझ्या हातात राहिली असती. आणि हे मला नंतर सुचलं असंही नाही. उकिडवी बसून तिच्या तोंडाकडे बघत होते तेव्हाच हा हिशेब माझ्या डोक्यात लखलखीत मांडलेला होता. तरी मी हो म्हणाले, कारण ते दोन तास तिच्यासमोर बसायची माझ्यात हिंमत नव्हती.